मदत हवी आहे: पैसे एकाच कामाचे, आधी गच्ची की आधी सोलर?

नमस्कार मंडळी,

आमचं घर ३० वर्षांचं, बैठं, डोक्यावर थेट गच्ची. यंदा डागडुजी काढलीच आहे, तर ती पर्यावरणाला धरून करावी असं घरात ठरलं. पण साठवलेले पैसे एका मोठ्या कामापुरतेच आहेत आणि कर्ज काढायचं नाही.

कंत्राटदार म्हणतो, सोलर बसवा, बिलाची कटकट मिटेल. मला हा क्रम उलटा वाटतो. उन्हाळ्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत ती धग खोलीत सोडत राहतो. आईला झोप लागत नाही, आणि एसीची निम्मी मेहनत त्या स्लॅबशी झगडण्यात जाते. ऊन वरच अडवलं तर वीजच कमी लागेल, आणि पुढे सोलर घेतलं तरी लहान पुरेल. शिवाय पॅनेल २०-२५ वर्षं जागेवर राहणार. त्याखाली गळती निघाली तर सगळा सांगाडा उचलावा लागेल.

गच्चीसाठी दोन पर्याय दिसतात. ऊन परतवणारा पांढरा रंग स्वस्त आहे, पण धूळ आणि शेवाळ धरलं की त्याचा गुण उतरतो, काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. दुसरा पर्याय म्हणजे स्लॅबवर एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचे) बोर्ड आणि वर कोबा. खर्च बराच जास्त, पण स्लॅबपर्यंत ऊन पोचतच नाही. फॉल्स सीलिंगवर उष्णतारोधक भरायचा पर्याय मी सोडला, कारण त्यात स्लॅब तापायचा तो तापतोच.

पश्चिमेच्या खिडक्यांना दुहेरी काच परवडत नाही. बाहेरून बांबूचे पडदे लावणार आहे, ऊन काचेच्या आत यायच्या आधीच अडेल. जुने लाकडी दरवाजे तासून पुन्हा वापरणार, हे नक्की.

अडलंय ते इथे: स्लॅबच्या एका कोपऱ्यात ओल आहे. बोर्डांखाली ओल राहिली तर पुढे गळती शोधणं अवघड, म्हणून वॉटरप्रूफिंग आधी हवं, एवढं कळतं. पण यंदा वॉटरप्रूफिंग आणि पांढरा रंग करून दोन वर्षांनी त्यावरच बोर्ड आणि कोबा घातला तर चालेल का? की तेव्हा वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागेल? जुन्या स्लॅबला कोब्याचं वजन झेपेल का, हे कोणाकडून तपासून घेतलंत? असं टप्प्याटप्प्याने केलेल्यांनी कृपया सांगा, पावसाच्या आत काम उरकायचं आहे.