'डिप्रेशन'ला आपण काय म्हणायचं? अवसाद, नैराश्य की 'मन नाही लागत'?

रामबागकर: मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात कोविडकाळातल्या डिप्रेशनवर दहा मिनिटं बोलायचंय. पहिल्या वर्षात जगभर डिप्रेशन आणि चिंता २५ टक्क्यांनी वाढली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शब्दावरच अडलेय. इंदूरचे हिंदी पेपर 'अवसाद' लिहितात. आईला म्हटलं तर म्हणे, "तो भूगोलातला ना? गाळ!"

जुना मास्तर: आई बरोबर आहेत. अव + सद्, म्हणजे खाली बसणं. गाळ बसतो, मनही बसतं. 'विषाद' त्याच धातूचा. गीतेत अर्जुन आधी काय सांगतो? 'सीदन्ति मम गात्राणि', हातपाय गळाले, तोंड कोरडं पडलं. तिथेही 'सद्'च. 'नैराश्य' मला तोकडा वाटतो. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. निराशा त्यातल्या एकातच, तीही उदासीच्या जोडीला. बाकी झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं वगैरे.

नाईट ड्युटी: काका, अगदी. एप्रिल २०२१ मध्ये मी कोविड वॉर्डात होते. किट चढवलं की सहा तास पाणी नाही. घरी येऊन पोहे भिजवायचे आणि ओट्यापाशी नुसती उभी. पुढे काय करतात तेच सुचेना. 'नैराश्य आलंय का' असं कुणी विचारलं असतं तर 'नाही' म्हटलं असतं. आशा होती की! पेशंट बरे होऊन जातही होते. 'कशात मन लागतंय का' विचारलं असतं तर तिथेच रडले असते. आम्ही सगळ्याजणी 'थकलोय' एवढंच म्हणायचो. सुट्टीत दहा तास झोपूनही तो थकवा उतरायचा नाही.

सासर पुणे: 'मन नाही लागत' हे आपलं इंदुरी हं, इथे हसतात. 'करमत नाही' म्हणा की.

जुना मास्तर: नको. करमत नाही ते कुणावाचून तरी. सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार बंद होता तेव्हा अख्ख्या गावाला करमत नव्हतं, उघडला, करमलं. पण समोर गरम भुट्ट्याचा कीस असून घास उचलावासा वाटत नाही, ते वेगळं.

रामबागकर: मग नाव डिप्रेशनच ठेवते, सगळ्यांना कळतं. विचारायचं मात्र 'मन लागतं का' असंच. ताई, पोह्यांचं काय व्हायचं?

नाईट ड्युटी: लगदा. नवरा तसेच फोडणीला टाकायचा.