नव्या सुपरवायझरने उत्तर सांगावे की प्रश्न विचारावा?

मांडणी : लाइन सुपरवायझर, भोसरी

आठ महिन्यांपूर्वी मला सेटरचा (म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याचा) लाइन सुपरवायझर केले. ज्यांच्याबरोबर नऊ वर्षे एका टेबलावर डबे उघडले, त्यांच्याकडूनच आता काम करून घ्यायचे आहे. पहिले तीन महिने मी ज्या पद्धतीने वागलो ती चुकीची होती, असे माझे मत झाले आहे. ते तपासून घ्यावे म्हणून हा विषय मांडत आहे.

आमच्या लाइनवर ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये ५० मिमीचा बोअर (गोल भोक) होतो आणि त्याची मर्यादा शून्य ते अधिक २५ मायक्रॉन इतकी आहे, म्हणजे भोक ५० मिमीपेक्षा लहान चालत नाही आणि मिलिमीटरच्या २५ हजारांश भागाहून जास्त मोठेही चालत नाही. एका ऑपरेटरचे पीस लाइनवरच्या गेजवर (मोजण्याच्या उपकरणावर) ओके येत, पण अंतिम मोजमापाच्या स्टँडर्ड रूममध्ये अंडरसाइज, म्हणजे भोक लहान, ठरत. मी जाऊन ‘ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) १० मायक्रॉनने वाढवा’ असे सांगत असे आणि पुढच्या मशीनकडे वळत असे. सेटरची सवय हाडात मुरलेली असते. आकडा दिसला की हात कीपॅडकडे जातो. थोड्या वेळाने गेज ओव्हरसाइज दाखवू लागला की तेच ऑपरेटर ऑफसेट पुन्हा खाली आणत, आणि दुसऱ्या दिवशी रिजेक्शनचा लाल ट्रे पुन्हा भरलेला असे. तीन आठवडे हे असेच चालले.

मग एके सकाळी मी काहीही न सांगता पंधरा मिनिटे मशीनपाशी उभा राहिलो आणि एवढेच विचारले, ‘मोजण्याआधी या पीसचे काय काय होते, ते मला क्रमाने सांगाल का?’ चौदा वर्षांचा अनुभव असलेला तो माणूस सांगू लागला : मशीनमधून काढतो, वॉशिंग मशीनमध्ये टाकतो, तिथून निघाला की गेजवर लावतो. सांगता सांगता त्यांनी पीसवर तळहात ठेवला आणि ते थांबले. ‘अहो, हा तर गरम आहे.’ पीस २० अंशांनी जास्त गरम असेल तर ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा बोअर सुमारे २३ मायक्रॉनने फुगतो, म्हणजे जवळजवळ आमची सगळी मर्यादा त्यातच संपते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः स्टोअरमधून एक रॅक आणला, बारा पीस रांगेत गार होऊ दिले आणि सर्वांत आधी निघालेला पीस आधी मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरलाही ते त्यांनीच सांगितले.

म्हणून माझे म्हणणे असे की, उत्तर ठाऊक असले तरी नव्या सुपरवायझरने ते लगेच देऊ नये. प्रश्न विचारावा, तिथे उभे राहावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहावे.

प्रतिसाद १ : निवृत्त फोरमन, पिंपरी

मी या मताशी सहमत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या ऑपरेटरच्या गाठीशी चौदा वर्षे होती, म्हणून एका प्रश्नाने ती वर आली. आयटीआयमधून बाहेर पडून तीन आठवडे झालेल्या मुलाला हाच प्रश्न विचारला असता, तर तो तुमच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला असता आणि आपल्याला काहीच येत नाही असे समजून घरी गेला असता.

१९४० ते १९४५ या काळात अमेरिकेत युद्धसामग्रीच्या कारखान्यांत लाखो नवखे कामगार आले, तेव्हा त्यांच्या पर्यवेक्षकांना काम शिकवण्याच्या चार पायऱ्या शिकवल्या गेल्या : माणसाची मनाची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर पाठपुरावा ठेवणे. हीच पद्धत युद्धानंतर जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांत रुजली. कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेले नाही, हे तिचे मूळ सूत्र होते. यात प्रश्न आहेत, पण ते दाखवून झाल्यानंतरचे आहेत. तिसऱ्या पायरीवर कामगार हाताने काम करत असताना ‘हे असेच का?’ हे त्याच्याकडून वदवून घ्यायचे असते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. तुमचे ‘१० मायक्रॉन वाढवा’ हे सांगणे होते म्हणून चुकले नाही. न पाहता सांगितले म्हणून चुकले. पंधरा मिनिटे उभे राहून पाहिल्यावर तुम्ही ‘पीस गरम आहे, गार होऊ द्या’ असे थेट सांगितले असते, तरी त्याच दिवशी रिजेक्शन थांबले असते. चक (पीस पकडून फिरवणारा भाग) फिरत असताना कोणी गार्ड उघडला, तर तिथे प्रश्नाला जागाच नाही. तिथे हुकूमच द्यावा लागतो.

प्रतिसाद २ : सीएनसी ऑपरेटर, चाकण

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. आमचे नवे सुपरवायझर दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आले आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारतात, तेही चार जणांसमोर. चार जणांसमोर विचारलेला प्रश्न ही परीक्षा वाटते, आणि चुकीचे उत्तर दिले तर त्याची चर्चा कॅन्टीनपर्यंत जाते. कूलंटचा पंप दाब धरत नाही अशी लेखी तक्रार मी चार वेळा केली. त्यावर ‘यात तुम्ही स्वतः काय करू शकता?’ असा प्रश्न आला, तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. पंप बदलणे हे माझ्या हातात नाही; ते त्यांच्या हातात आहे.

आमच्याकडे भिंतीवर कौशल्यांचा तक्ता लावलेला आहे. प्रत्येकाच्या नावापुढे वर्तुळ असते आणि त्याचे चार भाग असतात. चौथा भाग भरला म्हणजे तो माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो. ‘मला हे येत नाही’ असे मोकळेपणाने कबूल केल्यावर पुढच्या महिन्यात त्या वर्तुळाचा एक भाग पुसला जाणार असेल, तर खरे उत्तर कोण देईल?

प्रतिसाद ३ : उत्पादन विभागप्रमुख, तळेगाव

तत्त्व मान्य केले, तरी वेळ कुठून आणायचा? माझ्या लाइनवर निम्म्याहून अधिक मुले कंत्राटी आहेत आणि कायम नोकरीचा दावा करता येऊ नये म्हणून २४० दिवस भरण्याच्या आत त्यांना ब्रेक दिला जातो, म्हणजे कामावरून कमी केले जाते. ते धोरण माझे नाही, पण मला त्याच्यासह पाळी चालवायची असते. सात महिन्यांत जाणाऱ्या माणसाला विचार करायला शिकवण्यापेक्षा त्याच्यासमोर फोटोसह कामाची सूचना लावणे आणि ती तंतोतंत पाळायला लावणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

प्रतिसाद ४ : वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, नाशिक

क्षेत्र वेगळे असले तरी प्रश्न तोच आहे. आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही तीव्रतांत मिळते, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. एका नव्या सिस्टरने १०० ची बाटली घेऊन ४० च्या सिरिंजमध्ये औषध भरायला सुरुवात केली होती. ते तसेच दिले गेले असते, तर रुग्णाला अडीच पट मात्रा गेली असती. मी तिचा हात धरला आणि ‘थांब, सिरिंज बदल’ एवढेच म्हटले. ड्युटी संपल्यावर, दोघीच असताना, मी तिला विचारले की तिने आधी काय पाहिले, बाटली की सिरिंज? तेव्हा कळले की दोन्ही प्रकारच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या होत्या आणि तो ट्रे मीच लावून घेतला होता. नुसते रागावले असते, तर माझी ही चूक मला कधीच कळली नसती.

मांडणी करणाऱ्याचे उत्तर

फोरमनसाहेबांचा मुद्दा मला पटला. माझ्याकडेही दोन नवी मुले आहेत आणि मी त्यांच्यावर सुरुवातीलाच प्रश्नांचा मारा केला. तो अन्याय होता. आता आधी करून दाखवीन. चाकणच्या मित्राने लिहिले ते वाचून मी माझ्याच लाइनवर चौकशी केली, तेव्हा दोघांनी तक्त्याबद्दल नेमकी हीच भीती बोलून दाखवली. विचारपूस आणि मूल्यमापन वेगळे ठेवायचे असेल, तर विचारपुशीत कळलेली गोष्ट तक्त्यावर चढवायची नाही, हे मला व्यवस्थापनाकडून लेखी मान्य करून घ्यावे लागेल.

तळेगावच्या विभागप्रमुखांशी मात्र माझा मतभेद कायम आहे. जो मुलगा सात महिन्यांत जाणार आहे, त्याच्या हातून सात महिने बोअर होणार आहेत. आमच्याकडे भिंतीवर फोटोसह सूचना होतीच, आणि तिच्यात ‘धुतल्यानंतर गेजवर मोजावे’ असेच छापलेले होते. त्या ऑपरेटरने ती तंतोतंत पाळली, म्हणूनच रिजेक्शन येत होते. सूचना चुकीची आहे हे मशीनवरच्या माणसालाच आधी दिसते, आणि ते बोलून दाखवायला त्याला कोणीतरी विचारावे लागते, तो कंत्राटी असला तरी.

प्रतिसाद ५ : निवृत्त फोरमन, पिंपरी

सूचनेबद्दलचे तुमचे म्हणणे योग्य आहे; ती बदलून घ्या. मला एकच जाणून घ्यायचे आहे. तुमच्या ऑपरेटरने दुसऱ्या पाळीच्या माणसाला ही गोष्ट कशी समजावली? सांगितली, की विचारली?

मांडणी करणाऱ्याचे उत्तर

मी पाळी बदलताना तिथेच होतो. त्यांनी आधी रॅकवरचा गार झालेला पीस त्याच्या हातात ठेवला, आणि मग वॉशिंग मशीनमधून नुकताच निघालेला.