जवाईच्या खडकावर उतरलेला तिसरा बिबट्या कोण असावा?

रानवाट (प्रश्न)

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे राजस्थानातील पाली जिल्ह्यात, जवाई धरणाच्या परिसरात तीन दिवस होतो. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायला थोडाच अवकाश असताना वानरांचा खाकरल्यासारखा इशारा ऐकू आला आणि चालकाने ओढ्याच्या काठी जीप थांबवून इंजिन बंद केले. समोरच्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर, थोराच्या झुडपापाशी, मादी बिबट्या पहुडली होती. तिच्या पोटाशी दोन राखाडी दगड असावेत असे वाटले होते, पण दुर्बीण लावली तेव्हा ती पिल्ले निघाली.

एका पिल्लाला तिने पंजाखाली दाबून धरले होते आणि ती त्याचा कान चाटत होती. जिभेच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी त्याचे डोके मागे जाई आणि डोळे मिटत. दुसऱ्याचे सारे लक्ष आईच्या शेपटीकडे होते. शेपूट उचलली गेली की टोकाखालचा पांढरा भाग चमके, आणि ते पोट खडकाला टेकवून दबा धरी, मग झेप घेई आणि बहुतेक वेळा चुके.

वीसेक मिनिटांनी वरच्या कपारीतून तिसरा बिबट्या उतरला. अंगाने तो मादीएवढाच होता. मादीने कान मागे पाडले, ती त्याच्यावर फिस्कारली, पण जागची उठली नाही; पिल्ले मात्र न बिचकता त्याच्याकडे धावली. तो थोड्या अंतरावर बसून राहिला. जीपमधल्या सर्वांनी ‘बाप आला’ असे ठरवून टाकले. मला मात्र ते पटत नाही, कारण नर पिल्लांच्या संगोपनात भाग घेत नाही असेच मी आजवर वाचत आलो आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

कातळकडा

आपली शंका योग्य आहे, तरी ‘बाप असूच शकत नाही’ असे मी म्हणणार नाही. नराच्या हद्दीत साधारणपणे एकाहून अधिक माद्यांच्या हद्दी येतात. तो पिल्लांना भरवत नाही, शिकार शिकवत नाही. परंतु त्याच्या वावरामुळे परके नर दूर राहतात, आणि परका नर आला तर तो लहान पिल्लांना मारून टाकण्याचा धोका असतो. म्हणून ओळखीच्या नराला मादी काही काळ जवळपास सहन करते, क्वचित एकाच शिकारीवर दोघे दिसतात.

आपल्या वर्णनातील ‘मादीएवढाच’ हा शब्द मात्र मला महत्त्वाचा वाटतो. पूर्ण वाढलेला नर मादीशेजारी उभा राहिला की फरक लपत नाही: डोके रुंद, मान जाड आणि गळ्याखाली सैल कातडी. पिल्ले साधारण दीड ते दोन वर्षे आईबरोबर राहतात आणि त्यांतील नर त्याआधीच उंचीने आईला गाठतात. त्यामुळे तो तिच्याच आधीच्या वेतातील, नुकताच सुटा झालेला बच्चा असण्याची शक्यता मला अधिक वाटते. आईचे फिस्कारणे आणि धाकट्यांचे निर्धास्त धावणे या दोन्ही गोष्टी त्याच्याशी जुळतात. छायाचित्र असल्यास मान आणि चेहरा पाहावा.

उसाचा_फड

मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे ऊसतोडीच्या वेळी पाचटात पिल्ले सापडतात, तेव्हा वनखात्याचे लोक ती तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि सर्वांना दूर करतात. अंधार पडला की मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. आमच्या शेतात असे घडले तेव्हा कॅमेऱ्यात मादीच्या पाठोपाठ एक मोठे, हडकुळे जनावर दिसले होते, आणि वनरक्षकाने ते मागच्या वेताचे असावे असे सांगितले होते. तेव्हापासून बिबट्याचे कुटुंब म्हणजे आई आणि तिची मुले, असेच मी समजतो. जवाईला बिबटे रबारी या पशुपालक लोकांची जनावरे मारतात, तरीही माणसे आणि बिबटे त्याच टेकड्यांवर वावरतात, याचे मला फार अप्रूप वाटते. पुढे काय झाले, ते अवश्य लिहावे.

रानवाट

दोघांचेही मनापासून आभार. कातळकडा यांनी सांगितल्याप्रमाणे छायाचित्रे मोठी करून पाहिली. मान सडपातळ आहे, गळ्याखाली सैल कातडी नाही, आणि पाय धडाच्या मानाने लांब दिसतात. शेपूट वर असलेल्या एका चित्रात तो नर असल्याचेही स्पष्ट दिसते. म्हणजे तो थोरला भाऊच असावा, असे मीही आता मानतो.

पुढचे लिहिणे मला जड जाते, पण विचारले आहे म्हणून सांगतो. अंधार पडू लागला तशी दुसरी एक गाडी आली आणि तिच्यातून प्रखर दिव्याचा झोत थेट खडकावर पडला. मादी उठली, तिने घशातल्या घशात काही आवाज केला आणि शेपूट उंच धरून ती कपारीकडे निघाली. कान चाटून घेणारे पिल्लू तिच्या मागे गेले. दुसरे झोताच्या मधोमध सापडले आणि खडकाला चिकटून बसले. आमच्या चालकाने हात जोडून दिवा बंद करायला लावला, तरी ते बराच वेळ हलले नाही. अखेरीस थोरला त्याच्या बाजूने वर चढला तेव्हा ते त्याच्या मागोमाग गेले.

येथे छायाचित्र देतो आहे, पण त्यातून टेकडीची ओळख पटेल असा मागचा देवळाचा भाग मी कापून टाकला आहे. ज्यांनी ती जागा ओळखली असेल त्यांनी कृपया तिचे नाव येथे लिहू नये. पिल्ले अजून लहान आहेत.