३ डिसेंबरला आठवीच्या वर्गात मालविका अय्यर यांच्याबद्दल काय सांगू?

भांडुपची_बाई:
भांडुपला मराठी शाळेत शिकवते. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला आठवीच्या वर्गात वीस मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. "एखादं प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व घ्या," असा आदेश. मी मालविका अय्यर घेतल्या. जन्म कुंभकोणमचा, बालपण बिकानेरला. २००२ च्या मे महिन्यात, तेराव्या वर्षी, हातबॉम्ब फुटून दोन्ही हात गेले, पायही जबर जखमी झाले. पुढे पीएचडी, देशोदेशी भाषणं, २०१८ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार. फोटो जमवलेत, फळ्यावर लिहायचं वाक्यही ठरलंय.

अडचण वेगळीच आहे. वर्गात एक मुलगा कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, लावतो. परवा मी नुसता विषय काढला आणि चाळीसच्या चाळीस माना त्याच्याकडे वळल्या. तो खाली बघून वहीच्या समासात रेघोट्या ओढत बसला. संध्याकाळी आईचा फोन: "बाई, त्या दिवशी त्याला घरी ठेवलं तर चालेल का?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काय करू?

सकाळची_लोकल:
घरी कशाला? उलट त्यालाच माइक द्या! आत्मविश्वास येईल. सोबत निक वुजिसिकचा व्हिडिओ लावा. हात नाहीत, पाय नाहीत, तरी गडी पोहतो. आमच्या ऑफिसात दाखवला तेव्हा अर्धे लोक रडले होते.

लालबागचा_कॅलिपर:
बाई, वरचं ऐकू नका. रागाने नाही म्हणत, अनुभवाने म्हणतो. मी पोलिओवाला, वय ५८, बँकेतून निवृत्त. शाळा-कॉलेजांत बोलायला जातो त्याला पंधराएक वर्षं झाली. घरात शाली इतक्या साठल्यात की बायको त्यांच्या गोधड्या शिवते.

एकदा एका ठिकाणी 'इच्छाशक्ती' या विषयावर बोलावलं होतं. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चार पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. जिन्याच्या वळणावर फोटोग्राफर उभा, "सर, जरा हसा." त्या दिवशी मी काय बोललो ते आठवत नाही. खुर्चीचा मागचा पाय पायरीला थडकला आणि पोटात गोळा आला, तेवढं पक्कं आठवतं.

तर मालविका यांची गोष्ट जरूर सांगा, पण पुरस्कारापासून सुरू करू नका. जीन्सच्या खिशापासून करा. खिसा फाटला होता, तो त्यांनी फेविकॉलने चिकटवला आणि दाबून ठेवायला काहीतरी जड हवं म्हणून गॅरेजमध्ये शोधायला गेल्या. बिकानेरला आधी दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागून त्यातलं सामान आसपास विखुरलं होतं. त्यातलंच एक हाताशी आलं. आठवीच्या पोरांना हे फट्‌कन कळतं, कारण हा उद्योग त्यांनीही केला असता.

पुढे दहावी त्यांनी बाहेरून दिली, लेखनिक घेऊन, म्हणजे उत्तरं त्यांनी सांगायची आणि दुसऱ्याने लिहायची. इथे थांबा. लेखनिक म्हणजे काय ते समजवा आणि मुलांना करून बघू द्या. दोघादोघांच्या जोड्या. एकाने हाताची घडी घालून भूमितीची आकृती तोंडी सांगायची, दुसऱ्याने सांगितलं तेवढंच काढायचं. "रेषाखंड एबी काढ, पाच सेंटीमीटर. आता बी वर साठ अंशाचा कोन." कुठल्या बाजूला, ते सांगायचं राहतं आणि त्रिकोण भलतीकडेच जातो. दोन मिनिटांत वर्गात भांडणं लागतील, लागू द्यात. मग सांगा, की लेखनिक घेणाऱ्याला परीक्षेत ताशी २० मिनिटं जादा वेळ मिळतो तो यासाठी, आणि तो नियमाने मिळतो. कोणाला दया आली म्हणून नव्हे.

यात तुमच्या त्या मुलाच्या पायाचा काही संबंधच येत नाही. चाळिसांतला तो एक. मान वळवायची तर आपल्या जोडीदाराकडे.

आणि माइकचं. स्वतःबद्दल उघडपणे लिहायला मालविका यांना दहा वर्षं लागली, २०१२ उजाडलं. आपण पोराला ३ तारीख देतो! शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या हाताच्या टोकाशी हाडाचा एक तुकडा बाहेर राहिला, त्यानेच त्यांनी पीएचडीचा प्रबंध टाइप केला. हे ऐकून वर्ग 'अरे बापरे' म्हणेल. म्हणू द्या, मीही म्हणालो होतो. पण प्रबंधात काय होतं तेही सांगा: अपंगांना वेगळं पाडणारी समाजाची नजर. म्हणजे तुमच्या त्या चाळीस माना.

ता. क. करी रोडला अपंगांच्या डब्यात धडधाकट माणसं घुसतात. उतरा म्हटलं की "काका, एकच स्टेशन." यांतल्या एखाद्याने माझ्या भाषणाला उभं राहून टाळ्या वाजवल्या असणार, याची मला खात्री आहे.

आणखी एक. तुमची आठवी कुठल्या मजल्यावर भरते?

माहीमची_पांढरी_काठी:
लालबागकरांना अनुमोदन. मी अंध आहे, हे सगळं स्क्रीन रीडरवर ऐकतेय. ऑस्ट्रेलियात स्टेला यंग होत्या, व्हीलचेअर वापरायच्या, २०१४ मध्ये गेल्या. पंधरा वर्षांच्या असताना गावातलं कोणीतरी त्यांना पुरस्कारासाठी सुचवायला घरी आलं. आईवडिलांना प्रश्न पडला, हिने वेगळं असं केलंय काय? चारचौघींसारखी शाळा आणि अभ्यास. पुढे त्या मेलबर्नच्या एका शाळेत शिकवत होत्या, तर एक मुलगा विचारतो, मिस, भाषण कधी सुरू करणार? व्हीलचेअरवरची बाई वर्गात आली म्हणजे प्रेरणा द्यायलाच आली असणार, शिकवायला कशी येईल! मला दादरच्या पुलावर लोक न विचारता दंड धरून नेतात आणि वर "ताई, तुम्हाला सलाम" म्हणतात. अहो, मी फक्त कोथिंबीर घ्यायला आलेली असते.

सकाळची_लोकल:
काका, माफ करा. माइकचं मागे घेतो. (मी करी रोडचा नाही, नाहूरचा आहे.)

भांडुपची_बाई:
आठवी दुसऱ्या मजल्यावर. लाज वाटली लिहिताना. रोज दोन जिने, मधल्या सुट्टीत तो खाली उतरतच नाही. त्याला आवडत नसेल, असं मी धरून चालले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मग तळमजल्यावरच्या पाचवीच्या बाईंना थेट विचारलं. त्या वर्ग बदलायला तयार आहेत, फक्त बाकं लहान पडतील, ती शिपाईमामांना सांगून शनिवारी हलवायची. मुख्याध्यापकांना सोमवारी कळेल.

काल त्याच्या आईला भूमितीच्या जोड्यांचं सांगितलं. "त्यालाच विचारते," म्हणाल्या. मागून आवाज आला आणि मग तोच फोनवर: "बाई, आकृती मी सांगायची की काढायची?"

म्हटलं, चिठ्ठ्या टाकू.