मदत हवी आहे: शिंगकळी डागताना झायलाझिन दिलं, तर वासराचं दुखणं खरंच थांबतं का?

नमस्कार मंडळी,

आमच्या गोठ्यात सहा संकरित होल्स्टिन गाई आहेत. शिंगं उगवू नयेत म्हणून परवा पाच आठवड्यांच्या कालवडीच्या शिंगकळ्या डागून घेतल्या. डॉक्टरांनी मांडीत झायलाझिन दिलं. दहाएक मिनिटांत तिचे पाय लटपटले, खाली बसली, हनुवटी भुशावर टेकली, लाळेची तार लागली. "भूल चढली," म्हणाले आणि तापलेली डागणी लावली. डोकं मी मांडीवर धरलं होतं. ती उठली नाही, पण डागणी टेकताच चारही पाय झटकले आणि घशातून बारीक आवाज आला.

संध्याकाळी बाटली तोंडात धरेना. सारखं डोकं झटकायची, मागच्या पायाने कपाळ खाजवू बघायची. घरातले म्हणतात, कोवळ्या जिवाला एवढं कळत नाही. मला ते पटत नाही, आणि तो आवाज कानातून जात नाही.

हे औषध वासराला नुसतं ढिलं पाडतं, की वेदनाही मारतं? अजून एक तीन आठवड्यांचं वासरू डागायचं आहे. कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

मी पशुवैद्यक आहे. तुमची शंका बरोबर आहे. झायलाझिनने गुंगी येते, स्नायू सैल होतात आणि वेदनाही थोडी कमी होते, पण तापल्या लोखंडापुढे ते एकटं पुरत नाही. वासरू पडून राहिलं म्हणजे त्याला दुखत नाही असं धरू नका. पूर्वी घोडे खच्ची करताना सक्सामेथोनियम देऊन पाडत. त्याने अंग पूर्ण लुळं पडतं, पण शुद्ध आणि वेदना जशीच्या तशी राहते. कोवळ्या वासरालाही दुखतं.

शिंगाची नस डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून शिंगकळीकडे जाणाऱ्या हाडाच्या कडेखाली असते. तिथे दोन्ही बाजूंना लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं इंजेक्शन, द्यायला सांगा. दहा मिनिटं थांबून कळीभोवती सुई टोचून बघायची. वासरू हललं, तर डागणी लावायची नाही. लिग्नोकेन तास-दीड तासात उतरतं, संध्याकाळचं दुखणं त्यानंतरचं. त्यासाठी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक आधीच द्यावं. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक कुणी सुचवलं तर घेऊ नका, ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे.

झायलाझिन दिलंच, तर वजन बघून. गुरांना घोड्याच्या साधारण दहावा हिस्सा डोस पुरतो. वासराला छातीवर बसतं ठेवा, आडवं पडू देऊ नका, पोट फुगतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, रविवारी लिग्नोकेन घेऊन येतो म्हणाले. जिचं झालंय ती आता दूध पिते, पण खपलीजवळ हात नेला की अजून मान काढून घेते. तिला आज तिसऱ्या दिवशी मेलॉक्सिकॅम देऊन काही उपयोग होईल का?