लोकलमधून रोज नेता येईल असा इंजिनिअरिंगचा लॅपटॉप: तुमचे अनुभव सांगा

मुलीचा बाबा, डोंबिवली

मुलीला माटुंग्याच्या कॉलेजात मेकॅनिकल मिळालं. प्रवेशाच्या कॅप राउंडची धाकधूक संपते न संपते तोच लॅपटॉपची सुरू झाली. सिनिअर मुलांनी दिलेली यादी अशी: ऑटोकॅड (ड्रॉइंगला), सॉलिडवर्क्स (थ्रीडी मॉडेलला), मॅटलॅब (गणिताला), पुढे अ‍ॅन्सिस (भाग ताण सोसेल का ते तपासायला). मुलीची स्वतःची यादी वेगळी आहे, त्यात व्हॅलोरंट हा गेम आहे. ती यादी अजून तिच्या आईने पाहिलेली नाही.

बजेट ऐंशी हजार, फारच ओढलं तर नव्वद. रोज डोंबिवलीहून फास्ट, कुर्ल्याला उतरून स्लो, मग माटुंगा. चार दुकानं फिरलो, चार मतं घेऊन आलो. प्रत्येकाला जो माल खपवायचा होता तोच माझ्या मुलीसाठी नेमका योग्य निघाला. तेव्हा कृपा करून आकड्यांचे तक्ते देऊ नका. तुम्ही स्वतः घेतला, वर्ष-दोन वर्षं पाठीवर वाहिला, तर काय खुपलं आणि कशावर पैसे उगाच गेले, तेवढं लिहा.

चौथी सीट, बदलापूर

काका, मी मेकॅनिकल तिसऱ्या वर्षाला आहे आणि तुम्ही जी चूक करायच्या बेतात असाल ती करून बसलोय. पहिल्या वर्षी साडेपंधरा इंची गेमिंग लॅपटॉप घेतला, वजन २.४ किलो. दुकानात उचलून पाहिला तेव्हा काही जड वाटला नाही. पण दुकानात तुमच्या हातात चार्जर कोणी देत नाही. तो घरी येऊन खोक्यातून काढला तेव्हा कळलं, विटेला वायर लावलीय. त्यात डबा, पाण्याची बाटली, पहिल्या वर्षाचा ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेघा मारायचं साधन) आणि शीट ठेवायची नळी. ट्रेनमध्ये बॅग पाठीवर ठेवली तर लोक शिव्या घालतात, म्हणून पुढे छातीवर घ्यायची. ठाण्याला गर्दीचा लोंढा आत आला की ते सगळं वजन बरगड्यांवर. एकदा चार्जर असलेला कप्पा एका काकांच्या गुडघ्याला लागला. ते शांतपणे म्हणाले, "बाळा, दगड कुठे पोचवायचाय?"

वर्गात चाळीस मुलांत दोन सॉकेट, त्यातलं एक ढिलं. दुसरं लेक्चर संपेपर्यंत बॅटरी लाल. नोव्हेंबर उजाडेपर्यंत लॅपटॉप घरी आणि मी पेन ड्राइव्ह घेऊन कॉलेजात, अशी वाटणी झाली.

मशीन वाईट नाही, अजून उत्तम चालतंय. पण सुरुवातीला आपण सॉलिडवर्क्समध्ये करतो काय? स्क्रू जॅक, बेंच व्हाइस, युनिव्हर्सल कपलिंग. पंधरा-वीस पार्टची असेंब्ली. तिला एवढं ग्राफिक कार्ड, म्हणजे चित्र दाखवायची वेगळी चिप, म्हणजे कोथिंबीर आणायला ट्रक.

लोखंडवाला (हे आडनाव नाही, धंदा आहे), अंधेरी

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, बारा वर्षं. रोजची सॉफ्टवेअर: ईटॅब्स, स्टॅड, ऑटोकॅड, अलीकडे आर्किटेक्टच्या हट्टापायी रेव्हिट. टूडी ऑटोकॅडला ग्राफिक कार्ड जवळजवळ लागत नाही. कॅडचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (कोअर म्हणजे आतला एक कामगार समजा) चालतं, त्यामुळे सोळा कोअर असल्याच्या जाहिरातीला भुलू नका, एक कोअर किती वेगवान आहे ते बघा.

माझं पाप रॅमचं, म्हणजे चालू कामाच्या मेमरीचं. २०२१ मध्ये हौसेने सव्वा किलोचा सुंदर लॅपटॉप घेतला, ८ जीबी रॅम, मदरबोर्डवर सोल्डर केलेली. म्हणजे जन्मभर आठच. पुढे रीडेव्हलपमेंटच्या एका टॉवरचं मॉडेल आलं, त्याला जोडलेली प्लंबिंग-इलेक्ट्रिकलची मॉडेलं आली, आणि फाइल उघडायला टाकून मी खाली जाऊन चहा पिऊन परत यायचो. वर्षभरात विकला, अर्ध्या किमतीला. तेव्हा १६ जीबी ही सुरुवात समजा आणि आणखी रॅम बसवायला रिकामा स्लॉट आहे ना, हे दुकानदाराला तोंडी न विचारता मॉडेल नंबरावरून स्वतः तपासा. तोंडी सगळ्यांचे स्लॉट रिकामेच असतात.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: स्क्रीन. स्वस्त पॅनलवर रंग इतके फिके असतात की ड्रॉइंगमधला लाल लेअर आणि मजेंटा लेअर सख्खे भाऊ वाटतात. १६:१० आकाराचा स्क्रीन मिळाला तर घ्या, उंचीला थोडी जागा जास्त मिळते, टूलबारने खाल्ली तरी काम दिसतं.

ईएनटीसीवाली, विलेपार्ले

मी इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमला (ईएनटीसी), मॅकबुक एअर एम२ घेतला. १.२४ किलो, आत पंखाच नाही, सकाळी घरून निघताना चार्ज केला की संध्याकाळपर्यंत बघायला नको. लेक्चर, नोट्स, प्रेझेंटेशन यासाठी मी त्याच्या प्रेमात आहे. मॅटलॅब आता अ‍ॅपलच्या चिपवर थेट चालतं, सर्किटचं एलटीस्पाइसही चालतं.

मग मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलला कील युव्हिजन हे सॉफ्टवेअर आलं. मॅकवर नाही. पुढच्या सेमिस्टरला विवाडो आलं. तेही नाही. पूर्वीच्या इंटेल मॅकवर बूटकॅम्पने विंडोज टाकता यायचं, अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम चिपपासून ती सोय गेली. पॅरलल्स (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून जे विंडोज मिळतं ते एआरएमचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या चिपचं. त्यावर काही गोष्टी चालतात, पण 'चालतं' आणि 'सबमिशनच्या आदल्या रात्री चालतं' यात फरक आहे. त्या रात्री मी मैत्रिणीच्या घरी गोरेगावला जाऊन तिच्या जाडजूड, ओरखडे पडलेल्या विंडोज लॅपटॉपवर काम संपवलं. तिच्या आईने पोहे केले होते, ती एकच गोष्ट त्या रात्रीची चांगली.

काका, सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं. मेकॅनिकलला मॅक नको. आणि व्हॅलोरंटही मॅकवर नाही, म्हणजे आईपासून लपवलेली यादीसुद्धा बाद.

मुलीचा बाबा

ती यादी आता आईने वाचली आहे. पुढे चला.

रात्रपाळी, भांडुप

गेमिंगचं मी सांगतो, कारण इथे सगळे सभ्य लोक जमलेत.

व्हॅलोरंट फार हलका गेम आहे, त्यासाठी वेगळं ग्राफिक कार्ड लागतच नाही. विंडोज ११ वर त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग चालू लागतात, एवढं लक्षात ठेवा. मुलं बायोसमध्ये (मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) जाऊन काहीतरी बंद करतात आणि मग गेम उघडत नाही म्हणून रडतात. माझ्याकडे दीड किलोचा लॅपटॉप आहे, प्रोसेसरमधलंच रेडिऑन ग्राफिक्स. सुरुवातीला मात्र गेम सेकंदाला पन्नासेक फ्रेमवर अडखळायचा. मला वाटलं, फसलो.

कारण निघालं भलतंच. आत रॅमची ८ जीबीची एकच स्टिक होती. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. एकच स्टिक म्हणजे एकपदरी रस्ता. लॅमिंग्टन रोडला गेलो. पोराने मागचे नऊ स्क्रू काढले, तसलीच दुसरी स्टिक खटकन बसवली, झाकण लावलं, दहा मिनिटं. त्याच गेममध्ये ऐंशीच्या वर फ्रेम. नवीन लॅपटॉप घेतल्यासारखं वाटलं.

वेगळं कार्ड घ्यायचंच असेल तर नावावर जाऊ नका. आरटीएक्स ४०५० हे नाव एकच, पण लॅपटॉपमध्ये ते ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवलेलं असतं. पातळ मशीनमध्ये बहुधा कमी. स्टिकर मात्र दोन्हीवर सारखाच चकाकतो. वॅटचा आकडा शोधा, नसेल तर का नाही ते विचारा.

आणि आवाज. आमचं वन रूम किचन. रात्री साडेअकराला मॅच रंगात येते, पंखे सुटतात आणि आई झोपेतच विचारते, "आत्ता मिक्सर कोणी लावला?" मी फ्रेम साठवर बांधल्या आणि सायलेंट मोड लावला, तेव्हा घरात शांतता झाली.

स्क्रू नंबर शून्य, लॅमिंग्टन रोड

(पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तसं सांगितलं तर टॅक्सीवाला तुम्हालाच पत्ता विचारतो.) मी काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस. रिपेअरिंग करतो.

जुलैत माझ्याकडे येणारे निम्मे लॅपटॉप पाण्याचे. लोक म्हणतात, बॅगला रेनकव्हर होतं हो. होतं, पण कुठे? कव्हर बसतं बॅगच्या बाहेरच्या अंगाला. पट्ट्यांची बाजू आणि वरची चेन उघडीच. ट्रेनमध्ये बॅग पुढे घेता, शेजाऱ्याची छत्री वरून ठिबकते, ते पाणी सरळ चेनमधून आत. त्यामुळे लॅपटॉप आतमध्ये वेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. भिजलाच तर चालू करून 'बघू नका'. चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा आणि घेऊन या. तांदळात पुरू नका. पंख्यात तांदूळ अडकलेला लॅपटॉप मी उघडलेला आहे.

दुसरं, धूळ. सगळ्या मुंबईभर पाडकाम चालू आहे. वर्षभराने मशीन उघडलं की प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर राखाडी नमदा बसलेला असतो, चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी निघते. मग गिऱ्हाईक म्हणतं प्रोसेसर स्लो झाला. झालेला नसतो, गुदमरलेला असतो. वर्षातून एकदा साफ करून घ्या, दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला लेप) बदला.

तिसरं, बिजागरी. झाकणाचा एक कोपरा धरून उचलायची सवय पोरांना असते. स्क्रू ज्या प्लास्टिकच्या खुंटीत बसतो ती तडकते आणि त्याचा खर्च ऐकून लोक माझ्याकडेच रागाने बघतात. दुकानात एका बोटाने झाकण उघडा. बूड वर उचललं गेलं किंवा बिजागरीपाशी कुरकुर ऐकू आली तर पुढचा बघा.

आणि त्या बदलापूरच्या भावाला: तुझ्या मशीनचं टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतं का बघ. घेत असेल तर ६५ किंवा १०० वॅटचा छोटा चार्जर घे आणि वीट घरी ठेव. गेमला ती ताकद पुरणार नाही, लेक्चरला पुरेल.

चौथी सीट

घेतं! त्या विटेपायी दोन वर्षं लॅपटॉप घरी ठेवला. दादा, तुम्ही आधी कुठे होतात?

दोन दगडांवर पाय, मुलुंड

माझा मार्ग वेगळा. घरी जुना डेस्कटॉप, अंगावर सेकंडहँड चौदा इंची बिझनेस लॅपटॉप. ऑफिसांतून लीज संपलेले येतात तसला. जड काम डेस्कटॉपवर लावायचं आणि कॉलेजातून रिमोटने बघायचं. ऐकायला झकास. पण कॉलेजच्या वायफायवर रिमोट बंद, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट. आणि एका शनिवारी अ‍ॅन्सिसचं सॉल्व्हिंग रात्रीपासून लावून गेलो, तर दुपारी संपर्कच तुटला. घरी फोन केला. आई म्हणाली, "कोणी नसताना चालू ठेवलं होतंस, मी मेन स्विच बंद करून जाळ्या काढल्या."

तरी सांगतो, अ‍ॅन्सिसच्या धास्तीने मोठं मशीन घेऊ नका. विद्यार्थ्यांची फुकट आवृत्ती स्ट्रक्चरलमध्ये १ लाख २८ हजार नोड्सच्या (मॉडेल ज्या बिंदूंत विभागतात त्यांच्या) पुढे जाऊच देत नाही. तेवढं साध्या १६ जीबीवर सुटतं.

अंबरनाथ एमआयडीसीतून, घाईत

रोज सॉलिडवर्क्स. हजार-दीड हजार पार्टची असेंब्ली असेल तरच वर्कस्टेशनचं कार्ड, तेही कंपनीने द्यावं. मुलीला मात्र एक विचारायला सांगा: लॅबमध्ये कोणतं व्हर्जन आहे? नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. २०२४ पासून मागच्या दोन व्हर्जनपर्यंत सेव्ह करता येते, त्यामागे नाही. लॅपटॉप दीड लाखाचा असो, व्हर्जन चुकलं तर सबमिशन शून्य.

मुलीचा बाबा

सगळ्यांचे आभार. काल घेतला.

मुलीला सांगितलं, कॉलेजची भरलेली बॅग घेऊनच दुकानात चल. डबा, बाटली, सगळं. सोबत प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला काटा नेला. सेल्समन आधी हसला, मग त्यालाही गंमत वाटायला लागली, चार्जर त्याने आपणहून खोक्यातून काढून दिला. पहिल्या मशीनसकट बॅग भरली साडेसहा किलो, दुसऱ्यासकट पाच किलोला थोडी कमी. मुलीने दोन्ही छातीवर अडकवून पाच-पाच मिनिटं दुकानातच उभं राहून पाहिलं. बाकी गिऱ्हाइकं आम्हाला वळसा घालून जात होती.

दुसरं घेतलं. चौदा इंची, १६:१०, १.४ किलो, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, १६ जीबीची एक स्टिक आणि शेजारी रिकामा स्लॉट. मॉडेल नंबरावरून तपासला. टाइप-सी ६५ वॅटचा चार्जर, माझ्या फोनलाही चालतो, त्यावरून आत्ताच भांडण झालंय. एकोणऐंशी हजारात आलं. उरलेल्यातून पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन दुसरी स्टिक टाकणार आहोत. अंबरनाथच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे तिने लॅबच्या सरांना व्हर्जन विचारलंय, उत्तर यायचंय.

व्हॅलोरंट चालतं की नाही, ते तिने मला सांगितलेलं नाही. काल रात्री हिने मात्र अंथरुणातून विचारलं, मिक्सर कोणी लावला.