'कोलोनिया'ला मराठीत वसाहत म्हणायचं का?

अर्जेंटिनातल्या मोइसेस व्हिल गावावर लिहितोय, सांता फे प्रांतातलं छोटंसं शेतीचं गाव, 1889 साली रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंनी वसवलेलं. तिकडे अशा गावाला 'कोलोनिया' म्हणतात. मी 'वसाहत' लिहिलं पण वाचताना एकदम ब्रिटिशच डोळ्यापुढे येतात, नाहीतर मग औद्योगिक वसाहत. दुसरा काही शब्द?

— वसाहत चालेल की, मूळ 'वसणे'च आहे, साहेबाचा वास नंतर लागला. फक्त ही मंडळी राज्य करायला आली नव्हती हे आधीच येऊ द्या. वेसर बोटीनं आठशेच्या वर माणसं ब्युनोस आयरेसला उतरली, नि पॅरिसमध्ये जिचा सौदा करून निघाले ती जमीनच मिळेना, मग पालासिओस नावाच्या जमीनदाराची ठरली तर तिथे ना घर ना औत, रेल्वेलाइनच्या कडेला कसेबसे पडून राहिले, साथीत कितीतरी पोरं गेली. असल्यांना 'वसाहतवादी' लिहिलंत तर धन्य!

— मी सरळ 'वसवलेलं गाव' म्हणेन. खरी पंचाईत 'कोलोनो'ची आहे, म्हणजे तिथला शेतकरी. बॅरन हिर्श या दानशूर ज्यू धनिकानं 1891 मध्ये ज्यूइश कॉलनायझेशन असोसिएशन (ज्यूंना शेतीवर वसवणारी संस्था) काढली, तिनं जमिनी दिल्या त्या हप्त्यानं आणि हप्ते फिटेपर्यंत मालकी संस्थेकडेच. आता कूळ म्हणावं तर जमीन शेवटी त्याचीच व्हायची, मालक म्हणावं तर सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

— 'हप्तेबंद शेतकरी' कसं वाटतं?

— नको हो, बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं 😀 'कोलोनो'च ठेवा आणि एकदा कंसात फोड करा.

— गाउचोचं (तिकडचा घोड्यावरून गुरं राखणारा) 'गुराखी' करू नका प्लीज. आपला गुराखी काठी घेऊन पायी, तो घोड्यावरचा गडी. या लोकांनी घोडा नि गुरं सांभाळणं त्यांच्याकडूनच उचललं, म्हणून 'ज्यू गाउचो' शब्द पडला, तोच तसाच घ्या.

— तिथली ती म्हण पण घेणार असाल ना, पुढची पिढी शिकून शहरात गेली त्यावरची? 'गहू पेरला नि डॉक्टर उगवले' असं कुठे कुठे करतात, मला 'डॉक्टर कापले' सुचलं होतं, शब्दशः तेच आहे पण भलताच अर्थ होतो!

— 'गहू पेरला, डॉक्टर पिकले' करा. उगवतं ते तणही.